‘गो’चं ‘वेंट’ होताना

मिस्त्रींच्या बायकोला शोधत सिस्टरने हॉस्पिटलचे सगळे वॉर्ड पालथे घातले, हे कळलं तेव्हा मिस्त्रींना धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं. कारण त्यांची बायको जाऊन दोन वर्षं होत आली होती.

घडलं ते असं. मिस्त्रींचं घर म्हणजे काड्यापेट्या एकावर एक ठेवाव्यात तसं अरुंद आणि उंच. खाली सुतारकामाचा कारखाना, मधल्या मजल्यावर ते आणि त्यांची मुलगी, आणि सगळ्यात वर एक खोली, जिच्यात मोडक्या खुर्च्या आणि जुन्या गाद्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. बायको असताना ती खोली आवरायचं दर महिन्याला ठरायचं आणि राहून जायचं. मुलीने एका रविवारी पदर खोचला, खोली रिकामी केली आणि हॉस्पिटलातल्या एका नर्सला राहायला दिली. मिस्त्रींना तिने विचारलं नाही, फक्त सांगितलं. दोघांमध्ये तसंच चालायचं. मुलगी तिकिटं काढून देणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलून बोलून तिचा घसा बसायचा, आणि घरी आली की ती कुठल्याच भाषेत फारसं बोलायची नाही. बाप तर मुळातच मितभाषी. जेवताना त्यांच्या घरात चमच्यांचे आवाज तेवढे ऐकू यायचे.

नर्स आली ती फार लांबून. तिला इथली भाषा येत नव्हती, आणि तिची भाषा इथे कोणाला येत नव्हती. हॉस्पिटलात सगळा कारभार इंग्रजीत, म्हणून तिचं भागत होतं. मिस्त्री तिला सिस्टर म्हणायचे आणि ती त्यांना अंकल. मिस्त्रींचं इंग्रजी म्हणजे स्क्रू, ड्रिल, प्लायवूड, आणि गिऱ्हाइकाशी बोलून बोलून जमवलेली चार वाक्यं. डोअर इज रेडी. विंडो इज टाइट. एवढ्यावर त्यांनी आयुष्यभर निभावून नेलं होतं, कारण दार तयार आहे की नाही, यापलीकडे गिऱ्हाइकालाही काही जाणून घ्यायचं नसतं.

एकदा सिस्टर किल्ली द्यायला दारात आली, तेव्हा तिला भिंतीवरचा फोटो दिसला. हू इज शी, असं तिने विचारलं. मिस्त्री खुलले. आमची ही, असं म्हणायला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना आठवलं. “माय वाइफ,” ते म्हणाले. सिस्टर फोटोकडे बघत राहिली, म्हणून पुढचंही सांगावंसं वाटलं. “शी गोज टू हॉस्पिटल. युवर हॉस्पिटल. डॉक्टर से, टू डेज. शी नॉट कम होम.”

सिस्टरचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने त्यांच्या दंडावर हात ठेवला, बायकोचं नाव विचारून घेतलं आणि जिना चढून गेली. किती गुणी पोरगी, मिस्त्रींना वाटलं. लोक तोंडदेखलं वाईट वाटून घेतात. हिला खरोखर वाटलं.

तिला खरोखरच वाटलं होतं. दोन दिवसांसाठी भरती झालेली बाई अजून घरी येत नाही आणि म्हातारा वाट बघतोय, म्हणजे तब्येत गंभीर असणार. रोज जेवणाच्या सुट्टीत सिस्टर एकेक वॉर्ड धुंडाळू लागली. नाव विचारायची, खाटांवरचे चेहरे बघायची. फोटोतल्यासारखी, गालावर तीळ असलेली बाई कुठेच दिसेना. शेवटी तिने नोंदणीच्या खिडकीवर विचारलं, आणि तिथल्या माणसाने संगणकात बघून, या नावाचं आत्ता इथे कोणीही भरती नाही, असं सांगितलं. सिस्टर घाबरली. म्हाताऱ्याच्या बायकोला हॉस्पिटलने हरवलं की काय? त्या संध्याकाळी ती संत्र्यांची पिशवी घेऊन मधल्या मजल्यावर आली आणि मुलीला गाठून भराभरा इंग्रजीत सगळं सांगितलं.

मुलीचा चेहरा आधी पांढरा पडला. मग तिला हसू फुटलं, आणि ते हसू मध्येच कुठेतरी वाट चुकलं. ती ओंजळीत तोंड धरून बसली. मुलीकडून खरं काय ते कळल्यावर सिस्टर पार शरमली. सॉरी सॉरी म्हणत ती वर पळाली. संत्री टेबलावर राहिली.

“बाबा, तुम्ही तिला सांगितलंत तरी काय?” मुलीने विचारलं.

मिस्त्रींनी वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली.

“गोज म्हणजे जाते. अजून जाते. झालेलं सांगायचं तर वेंट म्हणायचं.”

“वेंट? गो कुठे गेला त्यातला?”

“तसंच असतं ते.” मुलगी एक संत्रं उचलून उगाच हातात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “आणि इंग्रजीचं काय घेऊन बसलात? तुम्ही मराठीत तरी कुठे सांगता? परवा त्या खुर्चीवाल्या बाईंना म्हणालात, आमच्या हिला हा रंग आवडत नाही. आवडत नाही म्हणालात, बाबा.”

मिस्त्री उठले. खाली जाऊन त्यांनी एका फळीवर रंधा मारायला घेतला. ती फळी आधीच गुळगुळीत होती.

पुढचे काही दिवस सिस्टर जिन्यावर त्यांना टाळायला लागली. पावलांचा आवाज आला की वरचं दार हळूच बंद व्हायचं. मिस्त्रींना ते फार लागलं. त्या पोरीची काय चूक होती? चूक एका शब्दाची, आणि तो शब्द त्यांचा. आता तिला बोलावून नीट सांगायचं, तर तेवढं इंग्रजी हवं. मुलीला सांग म्हणावं, तर तो विषय पुन्हा काढायची दोघांचीही छाती नव्हती.

वाचनालयाच्या माडीवर मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो, हे त्यांना ठाऊक होतं, कारण तिथली बाकं त्यांनीच दुरुस्त केली होती. एका संध्याकाळी हातपाय धुऊन, केसांतला भुसा झटकून ते त्याच बाकांपैकी एकावर जाऊन बसले. वर्गात एक टॅक्सीवाला होता, एक पार्लरवाली बाई, आणि एक शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी आजी, जिला आपण काय शिकतोय यापेक्षा इथे चहा मिळतो याचं जास्त कौतुक होतं.

मास्तर एके काळी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचे. पेपर बंद पडला, मास्तर शिल्लक राहिले. व्याकरणाचं पुस्तक ते उघडायचेच नाहीत. खिशातून पेपरची कात्रणं काढायचे. मोठमोठ्या बातम्या नाहीत. युद्धं, निवडणुका, बाजार यांच्याकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळींत कोंबलेल्या बातम्या त्यांना प्रिय होत्या. त्यांचं म्हणणं असं की, बातमी म्हणजे झालेली गोष्ट. होणारी ती अफवा. म्हणून भूतकाळ शिकायचा असेल तर पेपरइतका स्वस्त गुरू नाही.

पहिल्या दिवशीची बातमी एका कुत्र्याची होती. कुत्रा रस्त्याच्या मध्यावर बसला, बस थांबली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, कुत्रा हलला नाही, प्रवासी उतरले आणि चालत गेले. स्टॉप्ड, वॉक्ड, वेटेड. शब्दाच्या शेपटाला एक छोटा आवाज चिकटवला की झालं. मिस्त्रींना हे पटकन जमलं. फळीच्या कडेला पट्टी मारावी तसं होतं ते. त्यांनी घरी जाताना वाटेत जे दिसेल त्याला पट्टी मारली. दुकान क्लोज्ड. बाई लुक्ड. मी वॉक्ड.

पण दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी चोराची बातमी आणली. चोर खिडकीतून एका घरात शिरला, त्याने टेबलावरचा केक खाल्ला, दूध प्यायला, सोफ्यावर झोपला, आणि सकाळी घरमालकाला तिथेच घोरत सापडला. यातल्या एकाही शब्दाला पट्टी बसेना. केम, एट, ड्रँक, स्लेप्ट, फाउंड. प्रत्येकाची तऱ्हा न्यारी. टॅक्सीवाला म्हणाला, चोराने पोटभर खाल्लं ते बरंच केलं, पण आम्हाला कशाला कोड्यात टाकलं? मिस्त्रींना मात्र ते शब्द ओळखीचे वाटले. जुनं लाकूड असंच असतं. दहा वर्षं उन्हात पडलेली फळी कशी वाकली असेल, हे कुठल्या नियमात बसत नाही; प्रत्येक फळी हातात घेऊन बघावी लागते. त्यांनी ठरवलं, हे शब्दही एकेक करून हातात घ्यायचे.

सगळ्यात जास्त भांडण त्यांचं ‘कट’शी झालं. त्यांनी ऐटीत सांगितलं, “यस्टर्डे आय कटेड वन डोअर.” मास्तर म्हणाले, कट. मिस्त्री म्हणाले, आज कापतो ते कट, काल कापलं तेही कट? मग कापलं की नाही, हे कळायचं कसं? मास्तरांनी चष्मा पुसला. “मिस्त्री, कापल्यावर तुमची फळी बदलते. शब्द नाही बदलत.” आजीने चहा पिता पिता मान डोलावली, जणू काही तिला हे पहिल्यापासूनच माहीत होतं.

काम करतानाही मिस्त्री आता पुटपुटू लागले. एका दवाखान्यात कपाट बसवताना स्क्रू पिळता पिळता ते ब्रेक-ब्रोक, टेक-टुक म्हणत होते, तेव्हा तिथल्या कंपाउंडरने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि चक्कर येतेय का म्हणून विचारलं.

घरी मात्र त्यांनी काही सांगितलं नव्हतं. मुलीला संशय आला तो जेवताना. तिने सहज विचारलं, आज उशीर का झाला? मिस्त्रींनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “आय मिस्ड द बस.”

मुलगी बघतच राहिली. मग तिनेही सरळ चेहऱ्याने इंग्रजीत विचारलं, “हू टॉट यू दॅट?” टॉट हा शब्द त्यांना अडला. टीचचं ते, तिने सांगितलं. हाही वाकडाच निघाला, मिस्त्री म्हणाले. त्या दिवसापासून जेवताना दोघांनी एकेक बातमी सांगायची, असा रिवाज पडला. मिस्त्रींच्या बातम्या कारखान्यातल्या असायच्या: मांजर रंगाच्या डब्यात पडलं, हिरव्या पावलांनी शेजारी गेलं. मुलीच्या ऑफिसातल्या: एका माणसाने दोन बायकांसाठी एकाच दिवशी दोन वेगळ्या गावांची तिकिटं काढली आणि पाकिटं बदलली. मिस्त्री हसले ते इतके की त्यांना ठसका लागला. हसता हसता आपली मुलगी ऑफिसात एवढं सगळं बघते आणि आपल्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

मग एके दिवशी मास्तरांनी कात्रणं खिशातच ठेवली. आता तुमच्या घरची बातमी आणा, असं त्यांनी सांगितलं. कोण, काय, कुठे, कधी. चार वाक्यं पुरे.

मिस्त्रींनी कपाटाची आणली. आय मेड वन कबर्ड. आय फिक्स्ड टू डोअर्स. आय पेंटेड इट. कस्टमर टुक इट. चुका फारशा नव्हत्या. पण मास्तरांनी कान खाजवला. “मिस्त्री, याला पावती म्हणतात. बातमीत आधी एक असतं आणि नंतर दुसरं होतं. तुमच्या घरी असं कधी काही झालंच नाही का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात कोणी नव्हतं. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली आणि समोर पडलेल्या प्लायवूडच्या तुकड्यावर लिहायला घेतलं. माय वाइफ वेंट टू हॉस्पिटल. वेंट लिहिताना त्यांनी जरा दम खाल्ला. द डॉक्टर सेड टू डेज. शी डिड नॉट कम होम. इथपर्यंत तेच जुनं होतं, फक्त सरळ केलेलं. चौथं वाक्य लिहायला त्यांना वेळ लागला. शी डाइड.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. काही झालं नाही. मराठीत हाच शब्द दोन वर्षं त्यांच्या घशाशी येऊन अडकत होता. गेली म्हणावं, तर कुठे गेली असं मन विचारायचं. वारली म्हणावं, तर तो शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी बायकोसाठी असल्यासारखा वाटायचा. हा इंग्रजी शब्द परका होता. त्याला त्यांच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. बायकोचा आवाज, तिचं खोकणं, तिची चप्पल, यातलं काहीच त्याला चिकटलेलं नव्हतं. म्हणून तो तोंडातून बाहेर आला. त्यांनी तो तीन-चार वेळा म्हटला. मग ते भुशावर बसले आणि पुष्कळ वेळ रडले, आणि रडून झाल्यावर त्यांना खूप भूक लागली.

ती चार वाक्यं वर्गात वाचायची होती, पण त्यांनी वाचली नाहीत. मास्तरांना त्यांनी सांगितलं, बातमी तयार आहे, पण जिच्यासाठी आहे तिला आधी सांगायला हवी. मास्तरांनी टॅक्सीवाल्याला वाचायला सांगितलं. आयुष्यभर पेपरात राहिलेल्या माणसाला कुठली बातमी कधी थांबवायची, ते कळतं.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी हत्यारांची पेटी घेतली आणि वरच्या जिन्याकडे निघाले. सिस्टरच्या खिडकीची बिजागरी सैल झाली होती, तेवढं निमित्त पुरेसं होतं. “माऊ, चल जरा,” ते मुलीला म्हणाले. “अडलं तर सांगायला तू हवीस.”

सिस्टरने दार उघडलं आणि दोघांना बघून तिचा चेहरा पडला. मिस्त्रींनी खिडकी ठीक केली. स्क्रू घट्ट बसवले, दोनदा उघडमीट करून बघितली. मग हात पुसले आणि खिडकीपाशीच उभे राहून, शाळेतल्या मुलाने कविता म्हणावी तसे ताठ होऊन म्हणाले, “सिस्टर, आय टोल्ड यू राँग. माय वाइफ वेंट टू हॉस्पिटल. द डॉक्टर सेड टू डेज. शी डिड नॉट कम होम. शी डाइड. यू लुक्ड फॉर हर. थँक यू.”

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बापाच्या तोंडून हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला, कुठल्याही भाषेत.

सिस्टरचे डोळे भरले. ती खाटेच्या कडेवर बसली आणि नर्सने विचारावं तसं, हळू पण सरळ, विचारलं, “व्हॉट हॅपन्ड, अंकल?”

मिस्त्रींची तयारी चार वाक्यांची होती. पाचवं त्यांच्याकडे नव्हतं. स्टोन, ते म्हणाले आणि पोटाच्या उजव्या अंगाला बोट लावलं. डॉक्टर कट. सिस्टरला कळलं. शी स्लेप्ट… आणि मग इंग्रजी संपलं. ते वळले आणि मुलीकडे बघत मराठीत बोलायला लागले.

“सकाळी तिला आत न्यायचं होतं. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. स्टूल डुगडुगत होतं. तर म्हणते कशी, एवढा मिस्त्री नवरा बसलाय आणि बुडाखालचं स्टूल हलतंय, लोक काय म्हणतील. मग मी कागदाची घडी करून पायाखाली घातली. तरी हलायचं ते हलतच होतं. हसली. पोट दुखतं म्हणून पोटावर हात धरून हसली.”

 मुलगी ते सिस्टरला इंग्रजीत सांगू लागली. सिस्टर हसली. हॉस्पिटलची स्टुलं तशीच असतात, ती म्हणाली.

आईची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मुलगी कंपनीच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी होती. साधीच शस्त्रक्रिया, त्यासाठी लवकर येण्याची गरज नाही, असा निरोप आईनेच दिला होता. ती परत आली ती थेट सगळं आटपल्यावर. आईचा तो शेवटचा दिवस तिने कधी बघितला नव्हता, बापाला विचारला नव्हता, आणि बापाने सांगितला नव्हता. आज तो दिवस तिच्यापुढे एकेका वाक्याने येत होता, आणि प्रत्येक वाक्य तिला आधी ऐकून मग दुसऱ्या भाषेत उभं करायचं होतं.

“नर्स आल्या तिला न्यायला,” मिस्त्री सांगत होते, “तेव्हा तिने बांगड्या काढून माझ्या खिशात टाकल्या. म्हणाली, विकू नका हं. मी म्हटलं, बघू, भाव किती येतो. ही थट्टा मी केली. मी कधी करत नाही, पण त्या दिवशी केली. मग दारापर्यंत गेल्यावर म्हणाली, माऊ उद्या येईल आणि मी इथे. दोन दिवस तुम्ही दोघंच घरात. मुकाट्याने जेवाल, मला माहितीये. काहीतरी बोलत जा एकमेकांशी. नाहीतर भिंतींना वाटेल, घरात कोणी राहतच नाही.”

मुलीने तोंड उघडलं, पण इंग्रजी आलं नाही. सिस्टरने तिला घाई केली नाही. 

“असं म्हणाली?” मुलीने विचारलं.

“असंच म्हणाली. मग आत नेली. दुपारी डॉक्टर बाहेर आले. हृदय थांबलं, म्हणाले. त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. तो डॉक्टर तरुण होता, तुझ्याएवढाच असेल.” मिस्त्रींनी श्वास घेतला. “ती गेली, माऊ. हसतच आत गेली, आणि गेली.”

मुलगी येऊन बापाच्या शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर बसली. तिने काही भाषांतर केलं नाही, पण सिस्टरला बहुतेक कळलं असावं, कारण ती उठली, तिघांसाठी चहा टाकला आणि त्यात साखर जरा जास्तच घातली. पुष्कळ वेळाने मुलीने एकेक वाक्य करून तिला सगळं सांगितलं. स्टूल, बांगड्या, भिंती. सांगताना ती दोनदा रडली आणि भिंतींपाशी आल्यावर हसली. “आता नाही वाटत भिंतींना तसं,” ती बापाला म्हणाली. “तुम्ही रोज मांजराच्या बातम्या सांगता.”

चहा पिऊन झाला तरी कोणाला उठावंसं वाटेना. मिस्त्रींना खूप हलकं वाटत होतं, मोठं कपाट चौथ्या मजल्यावर चढवून खाली ठेवल्यावर वाटतं तसं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर एका नदीचं चित्र होतं, कॅलेंडरातून कापलेलं. एवढे महिने ही पोरगी डोक्यावर राहते आणि आपण तिला एकही प्रश्न विचारला नाही, असं त्यांच्या मनात आलं. विचारायला तरी काय येत होतं आपल्याला? त्यांनी मनातल्या मनात शब्द जुळवले, एकदा तपासले आणि म्हणाले, “सिस्टर. हाऊ डिड यू कम हिअर?”

सिस्टरने चित्राकडे बघितलं. हा प्रश्न तिला इथे कोणी विचारला नव्हता. हॉस्पिटलात विचारायचे ते कुठून आलीस एवढंच, आणि गावाचं नाव ऐकून मान हलवायचे. ती मांडी घालून बसली आणि मिस्त्रींना कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द वेगळा ठेवत सांगू लागली. मुलगी मराठीत सांगायला वळली, तर मिस्त्रींनी हात वर केला. “थांब. मला कळतंय.”

सगळं कळत नव्हतं. निम्मं कळत होतं. ब्रदर कळलं. अँग्री कळलं. धाकटा भाऊ रुसला होता, ती जातेय म्हणून. घरातले सगळे धक्क्यावर आले, तो आला नाही. बोट सुटली. आणि बोट पुलाखालून जाताना तो पुलावर दिसला, अंगातला शर्ट काढून हातात धरलेला.

“डिड ही क्राय?” मिस्त्रींनी विचारलं.

“नो,” सिस्टर म्हणाली. “आय क्राइड. ही वेव्हड.”

हा शब्द त्यांना नवा होता. वेव्हड म्हणजे काय, त्यांनी विचारलं. सिस्टर उभी राहिली, खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि डोक्यावर धरून गरागरा फिरवला, इतका जोरात की चहाचा एक कप कलंडला. मुलगी हसायला लागली. मिस्त्रींनी कप सरळ केला आणि मग काय झालं, असं विचारलं.